दालीला यादवी खरंच आधी दिसली होती का?

निळीशाई

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या महिन्यात कामानिमित्त फिलाडेल्फियाला गेले होते. एक दुपार मोकळी मिळाली, ती तिथल्या कलासंग्रहालयात घालवली. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं 'उकडलेल्या घेवड्यासह मऊ रचना' तिथे आहे, जे 'यादवी युद्धाची पूर्वसूचना' या नावानं जास्त ओळखलं जातं. पुस्तकात बघून मला ते भिंतभर असेल असं वाटायचं. प्रत्यक्षात जेमतेम मीटरभर लांब आणि तेवढंच रुंद. दोन माणसं शेजारी उभी राहिली की तिसऱ्याला दिसत नाही, एवढंच.

एक अवाढव्य देह स्वतःलाच फाडतोय. गाठी आलेला एक हात स्तन पिळून काढतोय, तोंड आभाळाकडे, दात आवळलेले. त्या देहाला मधलं धडच नाही. हातापायांची एक वेडीवाकडी चौकट आहे, आणि चौकटीतून दिसतं ते आभाळ. खाली जमिनीवर घेवड्याचे दाणे सांडलेत. डावीकडे एक चिमुकला दाढीवाला माणूस मान खाली घालून काहीतरी निरखतोय, जणू वरती चाललंय त्याच्याशी त्याचा काही संबंधच नाही. मी त्या माणसाकडेच जास्त वेळ बघत राहिले.

चित्र १९३६ चं. स्पेनमधलं यादवी युद्ध १९३६ च्या जुलैत पेटलं. दाली नंतर आयुष्यभर सांगत राहिला की सहा महिने आधीच मी हे रंगवलं होतं, मला दिसलं होतं.

तर पहिला प्रश्न: हे खरं मानायचं का? आणि दुसरा, जो मला जास्त टोचतोय. माझ्याबरोबर एक सहकारी होते, इतिहासाचे चांगले जाणकार. ते म्हणाले, "हे सगळे अतिवास्तववादी म्हणजे पळपुटे. बाहेर बाँब पडतायत आणि हे स्वप्नं रंगवत बसलेत." (अतिवास्तववादी म्हणजे स्वप्नं आणि मनाच्या तळातून सुचेल ते मांडणारे दालीसारखे कलावंत नि कवी.) तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पण हे बरोबर नाही असं आतून वाटतंय. कुणी नीट समजावून सांगेल का?

आणखी एक. त्या चित्रातलं आभाळ फार सुंदर आहे हो. इतक्या भयंकर चित्रात ते इतकं सुंदर का असावं, हेही कळत नाहीये.

मधलंपान

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तारखांमध्ये आहे.

ऑक्टोबर १९३४ मध्ये दाली आणि त्याची बायको गाला बार्सिलोनात होते. ६ ऑक्टोबरला कॅटलोनियाच्या प्रांतिक सरकारचे प्रमुख लुईस कोम्पान्यस यांनी कॅटलान राज्याची घोषणा केली. रात्रभरात लष्करानं ती मोडून काढली. हे दोघं टॅक्सी करून कसेबसे फ्रान्सच्या हद्दीत पोचले. तो टॅक्सीवाला परतताना मारला गेला, असं दालीनं आत्मचरित्रात लिहिलंय. त्याच आठवड्यात उत्तरेला अस्तुरियासमध्ये खाणकामगारांनी उठाव केला. तो चिरडायला सरकारनं मोरोक्कोतून फौज आणली, आणि माद्रिदमध्ये बसून सूत्रं हलवत होता जनरल फ्रँको, पुढे यादवी जिंकून स्पेनचा हुकूमशहा झालेला. हजाराहून जास्त माणसं मेली.

म्हणजे १९३६ च्या जुलैत जे पेटलं त्याची पहिली ठिणगी दालीनं अंगाजवळून पाहिली होती. चित्राची कच्ची रेखाटनं १९३५ पासूनची आहेत. आणि नावातला 'पूर्वसूचना' हा भाग युद्ध सुरू झाल्यावर जोडला गेला, असं बरेच अभ्यासक मानतात.

त्यामुळे भविष्यवाणी वगैरे मी मानत नाही. पण चित्र त्यामुळे लहान होतं असंही मला वाटत नाही. घरात गॅसचा वास येतोय हे सगळ्यांना कळतं, एखादाच उठून ते बोलून दाखवतो.

रात्रपाळी

निळीशाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मला बोलायचंय. मी चित्रकलेतली जाणकार नाही. मानसोपचार विभागात अठरा वर्षं परिचारिका होते, बरीचशी रात्रपाळी. त्या वाटेनंच मी या मंडळींपर्यंत पोचले.

'पळपुटे' म्हणणाऱ्यांनी या चळवळीचा प्रवर्तक, फ्रेंच कवी आंद्रे ब्रतों १९१६ मध्ये कुठे होता ते आधी बघावं. तो वैद्यकीचा विद्यार्थी होता, वीस वर्षांचा. पहिल्या महायुद्धात त्याला आधी नांतच्या लष्करी इस्पितळात आणि मग सँ-दिझिएच्या मानसोपचार केंद्रात नेमलं होतं. आघाडीवरून मनानं मोडून आलेले जवान तिथे यायचे. ब्रतों त्यांना बोलतं करायचा, त्यांची स्वप्नं विचारायचा, ते बोलतील ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचा. पुढे अतिवास्तववादाच्या १९२४ च्या जाहीरनाम्यात त्यानं जे मांडलं, की मनात येईल ते आडकाठी न घालता लिहा, त्याचं मूळ त्या खोल्यांमध्ये आहे. पॅरिसच्या कॉफीहाउसमध्ये नाही.

तिथल्या एका जवानाबद्दल त्यानं लिहून ठेवलंय. त्या माणसाची ठाम समजूत होती की युद्ध खरं नाहीच. तोफगोळे खोटे, जखमा म्हणजे रंगरंगोटी, प्रेतं कुठूनतरी आणून ठेवलेली. खंदकाच्या कडेवर उभा राहून तो जाणाऱ्या गोळ्यांकडे बोट दाखवायचा, आणि त्याला काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून त्याची खात्री आणखी पक्की झाली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. आमच्याकडे एक बाई होत्या. डोळ्यांदेखत घर गेलेलं. त्या रोज रात्री मला विचारायच्या, "हे सगळं कधी उतरवणार?" त्यांच्या लेखी वॉर्ड म्हणजे नाटकाचा देखावा होता. सुरुवातीला मी समजूत घालायचे, अहो हे खरंच आहे. मग एका वरिष्ठ डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या खोटं बोलत नाहीयेत; जे झालं ते खरं असू शकतं हे मान्य करायला त्यांच्याकडे अजून जागा नाही. ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

म्हणून माझं मत असं: वास्तवच अंगावर येऊन फाटलं होतं. त्या फाटलेल्या वास्तवाचं सरळ, नीटस चित्र काढणं म्हणजेच खोटं बोलणं झालं असतं. ब्रतोंनी पळ काढला नाही, त्यानं त्या जवानाचं म्हणणं ऐकून घेतलं.

काचकागद

रात्रपाळीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून आभार.

मी छापचित्रं करते, त्यामुळे मला हा विषय हातातून समजतो. दालीपेक्षा माझा माणूस माक्स एर्न्स्ट. हाही अतिवास्तववादी चित्रकार, जर्मन होता, पहिल्या महायुद्धात चार वर्षं तोफखान्यात. स्वतःबद्दल त्यानं लिहिलंय की माक्स एर्न्स्ट १ ऑगस्ट १९१४ ला मेला आणि ११ नोव्हेंबर १९१८ ला पुन्हा जिवंत झाला. फ्रेंच कवी पॉल एल्युआर समोरच्या बाजूला होता. १९१७ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं एकमेकांसमोरच्या आघाड्यांवर होतो, असं एर्न्स्ट नंतर सांगायचा. युद्ध संपल्यावर हे दोघं जिवलग मित्र झाले.

आता त्याचं 'पावसानंतरचा युरोप' बघा. या नावाची दोन चित्रं आहेत. पहिलं १९३३ चं, हिटलर सत्तेवर आला त्या वर्षीचं. मी म्हणतेय ते दुसरं, १९४० ते ४२ मधलं, अमेरिकेत हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात असतं. जवळजवळ दीड मीटर लांब आणि फक्त पंचावन्न सेंटीमीटर उंच. कुजलेल्या प्रवाळासारखे, गंजलेल्या लोखंडासारखे, मांसासारखे दिसणारे डोंगर आणि खांब. मधोमध पक्ष्याच्या डोक्याचा एक शिपाई आणि पाठमोरी बाई. वर आभाळ, निळं, निवांत.

ते डोंगर त्यानं काढलेले नाहीत. मुद्दा इथेच आहे. ते तंत्र डेकॅल्कोमॅनिया. पातळ रंग कॅनव्हासवर पसरायचा, ओला असतानाच वर काच किंवा कागद दाबायचा आणि उचलायचा. मी ते शिकायला एक अख्खा रविवार घालवला. पहिल्या वेळी रंग फार पातळ झाला, नुसती डबकी उमटली. दुसऱ्या वेळी काच सरकली आणि सगळं पुसलं गेलं. तिसऱ्या वेळी रंग सायीइतका दाट घेतला, काच तळहातानं मधून कडेकडे दाबली आणि एका कोपऱ्यापासून हळूहळू उचलली. उचलताना रंग काचेला सोडायला तयार नसतो. एक बारीक चिकट आवाज येतो, आणि हवा आत शिरते तशा त्या रंगात शिरा फुटत जातात, पानाच्या शिरांसारख्या, नदीच्या फाट्यांसारख्या. मी श्वास रोखून बघत होते. काच निघाल्यावर खाली जे होतं ते मी काढलं नव्हतं. दाबानं आणि ओढीनं आपोआप झालं होतं.

मग एर्न्स्ट त्यात शोधायचा. इथे डोळा आहे, इथे बरगडी, इथे हेल्मेट. तेवढंच बारीक कुंचल्यानं पक्कं करायचा. आणि आभाळ शेवटी रंगवायचा. त्या धुमश्चक्रीवर सपाट निळा हात मारत न्यायचा आणि जिथे थांबायचा तिथे डोंगराची कड तयार व्हायची. म्हणजे त्याच्या चित्रात आभाळ मागे नाही, सगळ्यात वर आहे, शेवटचा थर म्हणून. अवशेषांना आकार आभाळानं दिलाय.

हे कळल्यावर मी ते चित्र परत बघितलं तेव्हा पोटात कालवलं. कारण ते रंगवणारा माणूस तेव्हा कुठल्या परिस्थितीत होता! १९३७ मध्ये म्युनिकच्या 'अधःपतित कला' प्रदर्शनात नाझींनी त्याचं चित्र टांगून त्याची टिंगल केली. ते चित्र पुढे नाहीसंच झालं. फ्रान्समध्ये होता, तर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच फ्रेंचांनी 'शत्रूराष्ट्राचा नागरिक' म्हणून त्याला डांबलं. एक्सजवळच्या ले मिल इथली कौलांची नि विटांची भट्टी छावणी म्हणून वापरत होते. सगळीकडे विटांची भुकटी, अंथरुणात, जेवणात. जर्मन चित्रकार हान्स बेल्मरही तिथेच होता. नाझींना एर्न्स्ट नको कारण त्याची कला रोगट, फ्रेंचांना नको कारण तो जर्मन. सुटका झाली ती एल्युआरनं सरकारदरबारी शब्द टाकला म्हणून. मग १९४० च्या मे महिन्यात पुन्हा अटक.

त्याच्यासोबत राहणारी लिओनोरा कॅरिंग्टन, स्वतः उत्तम चित्रकार, या धक्क्यानं कोलमडली. स्पेनमध्ये सांतांदेरच्या मनोरुग्णालयात तिला कार्डियाझोलची इंजेक्शनं दिली, ज्यानं झटके येतात. त्यातूनही ती लिस्बनमार्गे निसटली आणि पुढे मेक्सिकोत तिनं दीर्घ आयुष्यभर काम केलं.

एर्न्स्ट १९४१ मध्ये निघाला. स्पेनच्या सीमेवरच्या स्टेशनातला प्रसंग त्यानं स्वतः सांगितलाय. कागदपत्रं धड नव्हती. अधिकाऱ्यानं सामान उघडायला लावलं, गुंडाळलेली चित्रं तिथेच पसरायला लावली. बघितली. मग म्हणाला की नियमानं मला तुम्हाला परत पाठवायला हवं; ती गाडी मागे जाते, ही स्पेनला जाते, चुकीच्या गाडीत बसू नका. एवढं बोलून पासपोर्ट हातात ठेवला.

तुमच्या सहकाऱ्यांना विचारा, हा माणूस कुठे पळत होता? पळत होता तो जिवाच्या आकांतानं, खरोखरच्या रेल्वेगाड्यांमधून. चित्रात तो अजिबात पळालेला नाही.

निळीशाई

मला एवढ्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. काचकागद, 'आभाळ शेवटी रंगवलं' हे वाचून मी माझ्या फोनमधला फोटो उघडला आणि तासभर तेच बघत बसले. दालीनं तसं केलं असेल असं नाही, ते मला समजतं. पण आभाळ हे मागचं सोडून दिलेलं काहीतरी असतं, असं मी आजवर धरून चालले होते.

आता मनातलं बोलते. घरी आल्यावर दालीबद्दल वाचलं आणि मन विटलं. स्पॅनिश कवी लोर्का त्याचा तरुणपणीचा जिवलग. १९३६ च्या ऑगस्टमध्ये फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी त्याला ग्रानादाजवळ गोळ्या घातल्या. आणि हा १९४८ मध्ये परत येऊन फ्रँकोच्या स्पेनमध्ये सुखानं राहिला. १९७५ च्या सप्टेंबरात पाच जणांना गोळ्या घालून मारलं तेव्हा यानं फ्रँकोचं कौतुक केलं. ज्या हातानं तो पिळवटणारा हात रंगवला, तोच हा हात? मला फसवल्यासारखं वाटलं. ते चित्र मला आता आवडून घ्यावं की नाही हेच कळत नाही.

मधलंपान

तुमचा राग रास्त आहे, आणि तुम्ही पहिल्या नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत ब्रतोंनी घरी बैठक बोलावून दालीला त्याला हिटलरबद्दल वाटणाऱ्या आकर्षणाचा जाब विचारला होता. दाली तोंडात थर्मामीटर धरून आला. १९३९ पर्यंत संबंध कायमचे तुटले. म्हणजे त्याच्या मित्रांनी ते तेव्हाच ओळखलं होतं.

पण फक्त दालीला बाजूला काढून बाकीचे स्वच्छ, असं म्हणता येत नाही. काचकागद यांनी एल्युआरचा उल्लेख केला, त्याचीच पुढची गोष्ट सांगतो. ती मला कायम छळते.

झाविश कालांद्रा हा प्राग शहरातला इतिहासकार नि पत्रकार. १९३५ मध्ये ब्रतों आणि एल्युआर प्रागला गेले तेव्हा त्यांच्या बाजूनं लिहिणाऱ्यांत हा होता. स्टालिनवर टीका केली म्हणून कम्युनिस्ट पक्षाबाहेर पडला. पुढे जर्मनांनी त्याला पकडलं, सगळं युद्ध छळछावण्यांत काढलं, जिवंत परतला. आणि १९५० मध्ये त्याच्याच देशातल्या नव्या सरकारनं त्याच्यावर खटला भरला, विरोधी राजकारणी मिलादा होराकोवांच्या बरोबरीनं. त्यानं न केलेले गुन्हे कबूल केले, कसे ते सांगायला नको. फाशी ठरली.

ब्रतोंनी पॅरिसमधून एल्युआरला उघडं पत्र लिहिलं. या माणसानं आपल्याला मोकळ्या मनानं आपलं म्हटलं होतं, त्याच्यासाठी बोल. एल्युआर तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचा मोठा कवी, त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याचं उत्तर असं होतं की आपण निर्दोष आहोत असं ओरडून सांगणाऱ्या निर्दोषांमध्येच मी इतका गुंतलोय, की गुन्हा कबूल करणाऱ्यांकडे बघायला मला सवड नाही. २७ जून १९५० ला कालांद्राला फाशी दिलं.

एर्न्स्टला छावणीतून सोडवायला धडपडणारा तोच हा एल्युआर. एकदा मित्रासाठी शब्द टाकला, एकदा गिळला.

त्यामुळे माणसाच्या नावावर चित्राची किंवा कवितेची हमी घेणं मी सोडून दिलंय. चित्र त्या त्या दिवशी काय बघतंय ते मी बघतो. १९३६ चा दाली खरं बघत होता. १९७५ चा नव्हता. दोन्ही मी लिहून ठेवतो.

आणि कुणावर निर्धास्त प्रेम करायचंच असेल, तर त्याच प्रागमधली चित्रकार तोयेन आहे. जन्मनाव मारी चेर्मिनोवा. चेक भाषेत आपल्या 'मी गेलो, मी गेले' सारखा लिंगभेद क्रियापदात असतो, आणि तोयेन स्वतःबद्दल पुल्लिंगी बोलायची. जर्मन ताब्यात असलेल्या प्रागमध्ये तिची चित्रं दाखवायला बंदी होती. कवी यिंद्रिख हाइस्लर ज्यू होता. तोयेननं त्याला आपल्या छोट्याशा घरात, बाथरूममध्ये लपवून ठेवलं, युद्ध संपेपर्यंत. त्या काळात तिनं रेखाटनमाला केल्या. 'शूटिंग गॅलरी' मध्ये ओसाड माळावर मोडकी खेळणी नि मेलेले पक्षी. 'लप, युद्धा!' ही १९४४ ची, तिच्यात ओसाड जमिनीवर प्राण्यांचे सांगाडे. कुठे बंदूक नाही, गणवेश नाही. बारीक, शांत रेघ. भिंतीपलीकडे एक माणूस श्वास घेतोय आणि दार वाजलं तर दोघंही संपणार, हे माहीत असलेल्या हाताची ती रेघ आहे.

रात्रपाळी

'लप, युद्धा!' हे नाव वाचून थांबले. लपलेला माणूस घरात, आणि ती लपायला सांगतेय युद्धाला.

काचकागद

आभाळाबद्दल राहिलेलं सांगते, कारण निळीशाईंनी ते पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

स्पॅनिश चित्रकार होआन मिरो १९४० च्या जानेवारीत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर व्हारांजव्हिल नावाच्या गावात राहत होता. रात्री दिवे झाकायची सक्ती. त्याच्या देशात फ्रँको जिंकलेला, आणि इकडे जर्मन येणार हे दिसत होतं. कॅनव्हासवर काम झालं की तो कुंचले टर्पेंटाइनमध्ये बुडवून कागदावर पुसायचा. त्या पुसलेल्या डागांकडे बघता बघता त्याला सुचलं की यावरच काम करावं. तिथून 'नक्षत्रं' ही मालिका सुरू झाली. एकूण तेवीस कागद, प्रत्येक जेमतेम ३८ बाय ४६ सेंटीमीटर. तारे, डोळे, पक्षी, शिड्या, आणि त्यांना जोडणाऱ्या केसाएवढ्या रेघा. मे महिन्यात बाँब पडायला लागले तेव्हा बायको-मुलीला घेऊन निघाला. पुरे झालेले कागद बरोबर घेतले, उरलेले पाल्मा दे मायोर्काला आणि मोंत्रोइगला काढले. १९४१ च्या सप्टेंबरात शेवटचा झाला.

मी त्यातले काही प्रत्यक्ष पाहिलेत. नाक लावून बघितलं तर ताऱ्यांच्या खाली ते पुसलेले डाग अजून दिसतात, मळकट, राखाडी-तपकिरी. त्या डागांवरच तारे आहेत.

दिवा लावायला बंदी असलेल्या रात्री माणसाला आभाळच तेवढं स्वच्छ दिसतं. दालीच्या आभाळाचंही असंच असेल असा माझा दावा नाही. पण आभाळ सुंदर आहे म्हणून चित्रकारानं भय टाळलं, असं मला म्हणवत नाही.

निळीशाई

सहकाऱ्यांना हा धागा पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "कालांद्राबद्दल मला माहीत नव्हतं. एर्न्स्टचं चित्र बघायला हवं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

ऑक्टोबरमध्ये परत फिलाडेल्फियाला जायचंय. तिथून हार्टफर्डला रेल्वेनं जाता येतं, पाहून ठेवलंय. काचकागद, तुम्ही सांगितलंत तसं आधी डोंगर नाही बघणार. आधी निळा रंग जिथे थांबतो ती कड बघणार, मग आत जाणार. काय दिसलं ते इथेच येऊन लिहीन.